जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला, चित्र आलं, पण अक्षर नीट दिसतंय का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात गावी तुमची आई स्त्रीशक्ती संघाचा (बायकांच्या बचत गटाचा) हिशेब एक्सेलमध्ये ठेवते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लॅपटॉपवरचे बारीक आकडे तिला दिसंना झालेत. लॅपटॉप तुमच्या कॉलेजच्या वेळचा, २००९ चा, विंडोज ७ वाला, त्याला पडद्याची केबल लावायला नुसतं निळं व्हीजीए पोर्ट. घरातल्या ३२ इंची टीव्हीला मागं दोन एचडीएमआय आहेत, व्हीजीए नाही. तुम्ही एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली केबल आणून जोडली तर टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतोय, आणि चुलतभाऊ म्हणतोय लॅपटॉपच जुना झाला, द्या टाकून.

टाकू नका हो. लॅपटॉपचा काही दोष नाही. मी बेळगावात गेली बावीस वर्षं लॅपटॉप-टीव्ही दुरुस्तीचंच काम करतोय आणि ही केबल घेऊन आलेली माणसं दर महिन्याला दोन-चार तरी बघतोच. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं, की कसंबसं चित्र आलं की लोक खूश होतात, आणि मग आई-आजी त्या फरकटलेल्या अक्षरांकडं डोळे बारीक करून बघत बसतात. म्हणून मी दोन्ही सांगतो, चित्र कसं आणायचं आणि मग अक्षर स्वच्छ कसं करायचं. तुमच्या कामाला दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

पहिल्यांदा केबल. व्हीजीए १९८७ मध्ये आयबीएमनं आणलं, ते अ‍ॅनालॉग. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग तीन वायरीतून कमी-जास्त व्होल्टेजच्या रूपात जातात. एचडीएमआय आलं २००२ च्या शेवटी, ते डिजिटल, तिथं सगळं आकड्यात जातं. आता एकाला फक्त कानडी येतं आणि दुसऱ्याला फक्त मराठी, तर दोघांना एका खोलीत बसवून बोलणं होईल का, मधे दोन्ही येणारा कुणीतरी लागतोच की. तुमच्या केबलीत तो मधला माणूस नाही, नुसती तांब्याची वायर आहे. ती खराब नाही, ती या कामाची नाहीच. दुकानदाराला परत देता आली तर द्या.

तुम्हाला लागणार तो व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर. तो ओळखायचा असा: छोटी डबी असते, आत चिप असते आणि त्या चिपला करंट लागतो म्हणून बहुतेकांना यूएसबीची एक शेपूट असते, ती लॅपटॉपच्या यूएसबीत घालायची. शिवाय आवाजासाठी हेडफोनसारखी ३.५ एमएमची एक पिन असते कारण व्हीजीएतून आवाज जातच नाही.

आणि इथं एक चूक फार होते, दुकानात जाताना लक्षात ठेवा. उलटा कन्व्हर्टर पण मिळतो, एचडीएमआय टू व्हीजीए, दिसायला जवळजवळ तसाच आणि दुकानात तोच जास्त असतो, कारण नवीन लॅपटॉप जुन्या प्रोजेक्टरला जोडणारे लोक जास्त. दोन्ही आपापल्या एकाच दिशेनं चालतात, फिरवून लावून उपयोग नाही. वरच्या छापील नावावर जाऊ नका, टोकं बघा. तुम्हाला हवा त्याच्यात व्हीजीएच्या बाजूला पिना बाहेर असतात (लॅपटॉपच्या भोकात जाणाऱ्या) आणि एचडीएमआयच्या बाजूला भोक असतं, ज्यात साधी एचडीएमआय केबल घालून टीव्हीला न्यायची. एचडीएमआयचं टोक बाहेर आणि व्हीजीएला भोकं असतील तर तो उलटा, घेऊ नका.

ती एचडीएमआय केबल दोन-तीन मीटरची साधी पुरते, सोन्याचा मुलामा वगैरे काही नको. व्हीजीएची बाजू मात्र जितकी आखूड तितकी बरी, अ‍ॅनालॉग सिग्नल लांब गेला की अक्षरांना सावली यायला लागते. म्हणजे डबी लॅपटॉपजवळ ठेवायची आणि लांबी एचडीएमआयनं वाढवायची, उलटं करायचं नाही.

आता लॅपटॉपचं पोर्ट आणि कन्व्हर्टरच्या पिना उजेडात धरून बघा. व्हीजीएला तीन रांगांत पंधरा जागा असतात. पिनांच्या टोकात मधल्या रांगेतली एक पिन नसली तर घाबरू नका, नववी पिन बऱ्याच केबलीत मुळातच नसते, तुटलेली नसते ती. पण वाकलेली पिन असेल तर तिथंच गोम आहे. मी संपलेल्या बॉलपेनची रिकामी रिफील वापरतो, ती वाकलेल्या पिनेवर हळूच चढवायची आणि अगदी सावकाश सरळ करायची, चिमट्यानं ओढलं की मोडते. रंगावरून पण कळतं बघा, चित्र पिवळट दिसलं तर निळ्याची वायर लागत नाही, जांभळट गुलाबी दिसलं तर हिरव्याची, आणि सगळं निळसर हिरवं दिसलं तर लालची. बारा आणि पंधरा नंबरच्या पिना मोडल्या तर चित्र येतं पण समोर काय जोडलंय हे लॅपटॉपला कळत नाही, मग रिझोल्युशनच्या (पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके, त्याच्या) यादीत भलतेच आकडे दिसतात. जोडून झालं की दोन्ही बाजूचे स्क्रू हातानं आवळा. निम्म्या तक्रारी स्क्रू न आवळल्याच्या असतात.

जोडायच्या आधी करंटचं सांगतो, आणि हे कृपा करून मनावर घ्या. आपल्याकडं बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंग नावाला असतं. तीन पिनी अ‍ॅडॅप्टर दोन पिनी बोर्डात घातला की लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मिणमिणतो. त्यात टीव्हीला केबलवाल्याची वायर आलेली असते, ती कुठल्यातरी खांबावरून आलेली. दोन्हीकडचं असं वेगवेगळं व्होल्टेज तुम्ही चालू असताना जोडलंत तर ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतं. माझ्याकडं एकजण पावसाळ्यात असाच आला होता, चालू टीव्हीत एचडीएमआय खुपसताना बारीक चटका बसला म्हणाला, टीव्हीचं ते पोर्ट गेलं ते गेलंच, दुसरं वाचलं म्हणून टीव्ही वाचला. तेव्हा दोन्ही बंद, बोर्डावरची बटणं बंद, केबलवाल्याची वायर काढलेली, मग जोडणी, मग टीव्ही चालू आणि शेवटी लॅपटॉप. शक्य असेल तर दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, तीन पिनी आणि अर्थिंग असलेल्या. चित्रावर आडव्या लाटा वर सरकत असल्या तर त्याचं कारणही बहुतेक हेच असतं, अ‍ॅडॅप्टर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा, लाटा गेल्या तर अर्थिंगचाच दोष. आणि वळवाच्या दिवसात ढग गडगडायला लागले की सगळ्याच वायरी काढून ठेवायच्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता चालू करा. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून ज्या एचडीएमआयमध्ये केबल घातली तोच नंबर निवडा. लॅपटॉपवर विंडोजचं बटण धरून पी दाबा, चार पर्याय येतात: फक्त कॉम्प्युटर, डुप्लिकेट, एक्स्टेंड आणि फक्त प्रोजेक्टर. लोक डुप्लिकेट घेतात आणि तिथंच फसतात. दोन्हीकडं तेच चित्र दाखवायचं म्हटलं की दोन्हीला जमेल असं एकच रिझोल्युशन घ्यावं लागतं, त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १२८०x८०० आणि टीव्हीचा आकार वेगळाच, मग टीव्हीवर सगळं ताणल्यासारखं नाहीतर कडेला काळे पट्टे. आईला टीव्हीवरच बघायचंय ना, मग 'फक्त प्रोजेक्टर' घ्या. लॅपटॉपचा पडदा काळा होईल, घाबरायचं नाही. टीव्हीवर काहीच आलं नाही तर पुन्हा विंडोज आणि पी, नाहीतर कन्व्हर्टर काढून लॅपटॉप पुन्हा चालू करा, चित्र परत लॅपटॉपवर येतं. (विंडोज चालूच होत नसेल तर एफएन धरून वरच्या रांगेतलं पडद्याचं चित्र असलेलं बटण, डेल वर एफ८, एचपी वर एफ४, थिंकपॅड वर एफ७ असायचं, दुसऱ्यांवर चित्र बघूनच शोधा.)

चित्र आलं. आता खरं काम.

टीव्हीवर विंडोजची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसेल, किंवा एक्सेलचा 'ए' कॉलम अर्धा पडद्याबाहेर. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा थरथरायच्या म्हणून टीव्ही मुद्दाम चित्र थोडं फुगवून कडा लपवायचे, ती सवय सपाट टीव्हीतही राहिली. याचा मला एक प्रसंग कधी विसरत नाही. वडगावचे एक विणकर काका, मागावर साडी विणणारे, जॅकार्डची डिझाईन कॉम्प्युटरवर ठिपका ठिपका भरायचे, नजर कमी झाली म्हणून मुलानं टीव्ही जोडून दिला. आठ दिवसांनी काका आले माझ्याकडं, म्हणाले टीव्हीवर बघून काठ मोजतोय तर धागे कमी भरायलेत, कागदावरच्या ग्राफशी जुळेना झालंय, सॉफ्टवेअर बिघडलंय. मी जाऊन बघितलं तर साडीचा काठ नेमका पडद्याच्या डाव्या कडेला, आणि कडेचे ठिपके टीव्हीच्या चौकटीबाहेर गेलेले. हिशेब करा, १३६६ ठिपक्यांच्या रुंदीत एका बाजूला अडीच टक्के जरी कापले तरी ३४ ठिपके जातात. काकांचा हिशेब बरोबर होता, टीव्ही त्यांना पूर्ण दाखवत नव्हता. सेटिंग बदललं आणि काठ पूर्ण दिसला तेव्हा त्यांनी पडद्याला बोट लावून एकेक ठिपका पुन्हा मोजला, आणि मगच चहा घेतला.

तर ते सेटिंग टीव्हीच्या पिक्चर मेन्यूत आकार किंवा आस्पेक्टच्या खाली असतं. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल', बाकीच्यांत 'डॉट बाय डॉट' किंवा ओव्हरस्कॅन ऑफ. ग्राफिक्स ड्रायव्हरमधून चित्र आत ओढायच्या भानगडीत पडू नका, तसं केलं की अक्षर पुन्हा अस्पष्ट होतं. टीव्हीतूनच करा. आणि सॅमसंग, एलजीत त्या एचडीएमआयचं नाव बदलून 'पीसी' ठेवता येतं, ते जरूर ठेवा, नुसतं नाव नसतं ते, त्यानं टीव्ही आतला सगळा सिनेमावाला मेकअप बंद करतो आणि रंगाचा ठिपका न ठिपका दाखवतो. तपासायचं असेल तर एक्सेलमध्ये एका खान्याला निळा रंग भरून त्यावर लाल अक्षरं लिहा. कडा फरकटल्या तर टीव्ही अजून टीव्हीसारखाच वागतोय, कॉम्प्युटरच्या पडद्यासारखा नाही.

मग शार्पनेस. सगळे तो वाढवतात, मी सांगतो पूर्ण कमी करा, शून्य किंवा दहाच्या आत. टीव्हीचा शार्पनेस म्हणजे अक्षराच्या कडेला पांढरी रेघ काढणं, सिनेमात ते बरं दिसतं, पण ३ आणि ८ यातला फरक त्यानंच जातो, आणि हिशेबात ३ चा ८ झाला तर काय होईल तुम्हीच बघा. नॉईज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. बॅकलाइट निम्म्यावर आणा, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पांढरी एक्सेल शीट फार खुपते, रंग थोडा वॉर्म कडं घ्या.

आणि आता सगळ्यात मोठी चूक, जी प्रेमापोटी होते. अक्षर मोठं दिसावं म्हणून मुलं रिझोल्युशन कमी करून देतात, ८००x६०० वगैरे. अक्षर मोठं होतं खरं पण मळकं होतं, कारण टीव्हीचा पडदा ठरावीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि वेगळा आकडा दिला की त्याला ओढून ताणून बसवावं लागतं. ३२ इंची टीव्ही 'एचडी रेडी' असेल तर बहुतेक १३६६x७६८ चा, फुल एचडी असेल तर १९२०x१०८० चा. खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये बघा आणि विंडोजमध्ये तोच आकडा द्या. १३६६ यादीत नसेल तर १३६०x७६८ बघा, तोही नसेल तर १२८०x७२० आणि १९२०x१०८० दोन्ही लावून ज्यात अक्षर साफ दिसेल तो ठेवा. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ. 'मोड नॉट सपोर्टेड' आलं तर आकडा टीव्हीला झेपला नाही एवढाच अर्थ, काही बिघडत नाही, पंधरा सेकंद हात लावू नका, विंडोज आपोआप मागं येतं.

मोठं करायचं ते वेगळ्या ठिकाणाहून. कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्लेत १२५ किंवा १५० टक्के करा, लॉग ऑफ करून परत या. एक्सेलमध्ये कंट्रोल धरून माऊसचं चाक फिरवलं की शीट मोठी होते, हे आईला शिकवा, दोन मिनिटांचं काम आहे. मग स्टार्टमध्ये सीटीट्यून (cttune) असं इंग्रजीत टाइप करा, क्लिअरटाइपची खिडकी येईल, त्यात चार-पाच वेळा 'कुठलं अक्षर चांगलं दिसतं' असं विचारतात. हे तुम्ही निवडू नका, आईला टीव्हीसमोर तिच्या नेहमीच्या जागी बसवून तिला निवडू द्या. नजर तिची आहे.

अंतराचं पण गणित आहे. १५.६ इंची लॅपटॉप आणि ३२ इंची टीव्ही दोन्ही १३६६ चे धरले तर लॅपटॉपवर एक ठिपका पाव मिलिमीटरचा आणि टीव्हीवर अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे अक्षर दुप्पट. पण आई दुप्पट लांब बसली तर फायदा शून्य, डोळ्याला तेवढंच दिसणार. आपल्याकडं टीव्ही सोप्यात भिंतीवर उंच लावलेला असतो, खाली पाट टाकून मान वर करून हिशेब कोण करणार. जमलं तर टीव्ही उतरवून टेबलावर घ्या, आईपासून तीन-साडेतीन फुटांवर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉप बाजूला ठेवा आणि वेगळा यूएसबी कीबोर्ड आणि माऊस घ्या. तुमच्या लॅपटॉपला यूएसबी दोन-तीनच असतील, एक कन्व्हर्टरला जाईल हे धरून चाला. चित्र मधेच जात-येत असेल तर कन्व्हर्टरची शेपूट मोबाईलच्या चार्जरला लावून बघा, जुन्या यूएसबीचा जोर कमी पडतो कधीकधी.

लॅपटॉपचं झाकण बंद करून ठेवायचं असेल तर पॉवर ऑप्शनमध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' करावं लागतं, नाहीतर तो झोपतो. पण माझं मत, इतक्या जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडंच ठेवा. पंखा धुळीनं भरलेला असतो आणि बरीच उष्णता कीबोर्डातून वर जाते. बॅटरी मेलेली असेल, असणारच, तर करंट गेला की त्या क्षणी सगळं बंद, म्हणून एक्सेलमध्ये ऑटोरिकव्हर दोन मिनिटांवर आणा आणि आठवड्याला एकदा फाईल पेनड्राईव्हवर घ्या. संघातल्या बायकांचे पैसे आहेत, तिथं ढिलाई नको.

आवाजाचं फार काही नाही, कन्व्हर्टरची ३.५ एमएमची पिन लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घातली की टीव्हीतून आवाज येतो, दुपारी भजन-कीर्तन ऐकायला बरं.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. हिशेब लिहायला, शेताची पाहणी (आपल्याकडचा सातबारासारखा उतारा) उघडून मोठ्या अक्षरात वाचायला चालेल. बँकेचं काम, ओटीपी, पासवर्ड यातलं काहीही त्याच्यावर करू देऊ नका, ते मोबाईलवरच.

चुलतभावानं आणखी दोन गोष्टी सुचवल्यात, त्याचं पण सांगतो. लॅपटॉपची यूएसबी टीव्हीच्या यूएसबीला जोडून काही होत नाही, टीव्हीचं ते भोक पेनड्राईव्हसाठी आहे, आणि दोन्ही टोकं सारखी असलेली यूएसबी केबल तर लावूच नका, दोन्हीकडचा करंट एकमेकांवर येतो. वायरलेसनं दाखवायचं म्हणाल तर टीव्हीतली मिराकास्ट सोय विंडोज ८.१ पासून पुढं आहे आणि वायफाय, ग्राफिक्स दोन्ही त्याला जमणारे लागतात, तुमच्या लॅपटॉपला ते नाही जमायचं. शिवाय वायरलेसवर माऊस हलवला की बाण थोडा मागून येतो, आकडे भरताना वयस्कर माणूस त्यानं गोंधळतं. वायरच बरी.

कन्व्हर्टर घ्यायला बेळगावात येणार असाल तर येताना लॅपटॉप बरोबर आणा, टीव्हीच्या मागच्या सगळ्या पोर्टांचा एक फोटो उजेडात काढून आणा आणि मॉडेल नंबरच्या स्टिकरचा एक वेगळा. दुकानात त्यांच्या टीव्हीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बघताना नुसता डेस्कटॉप बघू नका, आईची ती हिशेबाची शीट उघडा आणि चार फुटांवरून ३, ५, ६, ८ हे आकडे वाचून बघा.